उंबरठे काढलेलं घर

थाक आडनावाच्या माल्सुनचं नाव तिच्या बापानं रागात ठेवलं होतं. पहिली मुलगी, दुसरीही मुलगीच, म्हणून नावात ‘माल्’ घातलं. माल् म्हणजे शेवट. आता पुरे. थोरली लहानपणीच गेली, माल्सुनच्या पाठीवर मुलगा झाला, आणि नाव लागू पडलं म्हणून बाप गल्लीभर मिरवला. माल्सुनला त्या नावाचा जो राग आला, तो तिनं साठ वर्षं पुरवून वापरला. कोरियातल्या मोकपो बंदराच्या मासळी बाजारात सुके मासे विकता विकता वापरला. बाजाराचे गाळे पाडायला यंत्रं आली तेव्हा ती त्यांच्यापुढं फतकल मारून बसली, बावीस दिवस. एका पोलिसानं दंडाला धरून उठवायला पाहिलं, तर म्हणाली, "हात काढ. वास लागेल तुझ्या गणवेशाला. बायको विचारेल, कुणाकडं गेला होतास." गाळे वाचले. तेव्हापासून बाजारात कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, माल्सुनताईला बोलवा.

अशा माणसाला बाहेर सगळे विचारायला येतात, आणि घरात कुणाला काही विचारायची त्याला सवय राहत नाही.

घर युदाल डोंगराच्या पायथ्याशी, चढाच्या गल्लीत. ओळीनं तीन खोल्या, एका टोकाला दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर, खोल्यांसमोर लाकडी ओसरी, ओसरीखाली चपला काढायचा दगड, मग अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात मातीचे रांजण, कशात सोयाबीनचा आंबवलेला लगदा, कशात मिरचीची चटणी, कशात खारवलेली मासळी. संडास अंगणापलीकडं. घर माल्सुनच्या आजोबांनी बांधलेलं. तिची आई बिगुम बेटावरून नवरी म्हणून त्या घरात आली, त्याला बासष्ट वर्षं झाली होती. बेटावरून आली म्हणून गल्लीनं तिला बिगुमवाली म्हटलं आणि तेच तिचं नाव झालं. खरं नाव दवाखान्याच्या कागदावर तेवढं असायचं.

सोळा वर्षांपूर्वी काचबिंदूनं बिगुमवालीचे डोळे गेले. पण नवख्या माणसाला ते तासभर कळायचं नाही. सकाळी उठून ती अंथरुणाची घडी करणार, मग पायाचा अंगठा पुढं करून खोलीचा उंबरठा चाचपणार. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ते अशुभ. पण अंगठ्यानं हळूच टोचायला कुणाची हरकत नव्हती. तिच्या खोलीच्या उंबरठ्यात मधोमध एक गाठ होती. मधल्या खोलीचा गुळगुळीत. स्वयंपाकघराचा मधे इतका झिजलेला की त्यात पाणी साचावं. खोलीचा उंबरठा ओलांडला की ओसरी, दोन पावलं, मग तिसरी फळी कुरकुरायची. ती कुरकुरली की बिगुमवाली खाली बसायची, पाय सोडायची, आणि पायाला दगड बरोबर लागायचा. दगडापासून अकरा पावलांवर रांजण. ऊन आलं की झाकणं काढायची, हवेला पावसाचा वास आला की लावायची. गल्लीतल्या डोळस बायका कपडे वाळत घालण्याआधी तिच्या झाकणांकडं बघायच्या.

माल्सुन हे सगळं रोज बघत होती. बघत होती म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं. लग्न दोन वर्षांत मोडलं, पोरबाळ नाही, तेव्हापासून ती आईजवळच. पहाटे बाजारात, दुपारी घरी, पुन्हा बाजारात. आंधळी आई घरभर फिरते याचं तिला नवल वाटायचं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, किमचीच्या लोणच्याची कोबी खारवायच्या दिवसांत, बिगुमवाली स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर पडली. मनगट मोडलं. सगळ्यांनी पायऱ्यांना शिव्या घातल्या. खरी गोष्ट अशी की वरच्या पायरीवर माल्सुननं खारवलेल्या कोबीचं घमेलं ठेवलं होतं आणि बाजारातून फोन आला म्हणून ते तसंच टाकून ती निघून गेली होती. घरानं म्हातारीला पाडलं नव्हतं. पण बिगुमवालीनं घमेल्याचा उच्चार कुणापाशी केला नाही. माल्सुनला तर ते आठवलंही नाही, किंवा आठवलं आणि तिनं ते मागं ढकललं. तिचं तिलाच ठाऊक.

भाऊ जोंग्पिल ग्वांगजू शहराहून आला. विमा कंपनीत नोकरी, चौदाव्या मजल्यावर घर, बोलणं हळू. भांडणात हळू बोलणारा माणूस माल्सुनला पहिल्यापासून सहन होत नसे.

"ताई, आता तिला म्हाताऱ्यांच्या इस्पितळात ठेवू. चोवीस तास नर्स असते."

"तिथं माणसं मरायला ठेवतात."

"आणि इथं हात मोडायला?"

"तुझ्या सासूला ठेव की तिथं."

"ठेवलीये. तिला आवडतं. पत्ते खेळते."

माल्सुन उसळलीच. "माझी आई पत्ते खेळत नाही! ती ह्या घरातून जाईल ती एकदाच जाईल, आणि पुढं नेणाऱ्यांत मी असेन."

जोंग्पिल म्हणाला, "बरं. घर असं कर, की ती पडणारच नाही. पण पुन्हा एकदा पडली, एकदाच, तर मी गाडी घेऊन येईन आणि तू मधे बोलायचं नाहीस. शब्द?"

"शब्द."

माल्सुननं शब्द मोडल्याचं बाजारात कुणी पाहिलेलं नव्हतं. हे दोघं बोलत होते तेव्हा बिगुमवाली तिथंच, खोलीच्या उबदार कोपऱ्यात बसून एका हातानं लसूण सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनंही मधे तोंड घातलं नाही. फक्त पाकळ्यांचं भांडं पुढं सरकवून म्हणाली, "जेवून जा रे, जोंग्पिल."

वसंत आला तशी माल्सुन कामाला लागली. म्हाताऱ्यांची घरं दुरुस्त करून द्यायची सरकारी योजना होती. योजना असते, पण ती कपाटात असते. तिला बाहेर काढायला माल्सुनसारखी बाई लागते. कारकून म्हणाला, जागा अजून आजोबांच्या नावावर दिसते, अर्ज बसत नाही. माल्सुन म्हणाली, "आजोबांना उठवून आणू का सहीला? खणावं लागेल. फावडं तुमच्याकडचं देता?" सातव्या खेपेला अर्ज बसला.

मग एक तरणी अधिकारीण घर बघायला आली. चांगली पोर होती, तिला दोष नाही. तिच्या हातात यादी होती आणि मोजायची पट्टी. ओसरीपासून संडासापर्यंत सगळं मोजून ती म्हणाली, "आजींच्या पायात यायला नको असं काहीच राहता कामा नये. उंबरठे तर सगळे जायलाच हवेत. म्हातारी माणसं सगळ्यात जास्त उंबरठ्याला अडखळून पडतात. तसे आकडेच आहेत."

माल्सुननं आयुष्यभर सरकारचं एक अक्षर खरं मानलं नव्हतं. हे मानलं.

सुतारकामाला नोह मिस्त्री. बहात्तर वर्षांचा, अर्धं मोकपो त्याच्या हातचं. घर उघडायला घेतलं आणि एकेक दुखणं बाहेर पडू लागलं. दोन खांबांचे पाय वाळवीनं पोखरलेले. मागची भिंत हात लावताच बसली, नुसती माती आणि बांबू. छप्पर उतरवलं त्याच आठवड्यात वादळ आलं आणि वर टाकलेली ताडपत्री उडून थेट प्राथमिक शाळेच्या कुंपणावर जाऊन अडकली. माल्सुन भर पावसात शिडीवर उभी राहून आभाळालाच शिव्या देत होती. खालून कांदेवाली शेजारीण ओरडली, "अगं उतर! तू पडलीस तर जोंग्पिल तुलाच इस्पितळात टाकेल!" ही कांदेवाली मुआन गावची, गल्लीच्या वरच्या वळणावर राहणारी. माल्सुनहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून माल्सुन तिला मावशी म्हणायची.

पण चांगले दिवसही होते. नोह मिस्त्रीनं खांब जॅकवर तोलून धरले, कुजलेले पाय कापले आणि त्यांच्याखाली नव्या पाइनचे पाय असे सांधले की नख लावलं तरी फट सापडेना. जुना माळा काढल्यावर धुरानं काळं झालेलं आढं दिसलं, आणि त्यावर आजोबांनी शाईनं लिहिलेली घर उभं राहिल्याची तारीख. दोन्ही टोकांना ‘ड्रॅगन’ आणि ‘कासव’ ही अक्षरं, दोघंही पाण्यातले, घराला आग लागू नये म्हणून. गल्ली लोटली बघायला. माल्सुन त्या आढ्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जणू ते तिनंच उचलून वर ठेवलं होतं. त्या दिवशी नोह मिस्त्रीला तिनं स्वतःच्या हातानं तांदळाची दारू ओतून दिली. दोघं बाजाराच्या जुन्या गोष्टी काढून हसले.

भांडण झालं ते उंबरठ्यावरून.

बाकीच्या खोल्यांचे उंबरठे नोहनं काढले. बिगुमवालीच्या खोलीपाशी आला आणि करवत खाली ठेवून बसला.

"हा राहू दे."

"का? ह्याला काय सोनं लागलंय?"

"तुझ्या बापाची शवपेटी ह्याच्यावरून बाहेर गेली. जाताना वाळक्या भोपळ्याचा कटोरा ह्याच्यावर फोडला. मी होतो पेटी उचलायला. फटकन फुटला, एका दणक्यात, म्हणजे जीव घरात रेंगाळला नाही. चांगलं मरण."

"म्हणून आई पडून मेली तरी चालेल?"

"तसं म्हणत नाही मी. म्हातारीला एकदा विचार. घरात वावरते ती. फोन कर, एवढं काय त्यात?"

"मिस्त्री, तुम्हाला कापायला बोलावलंय. सल्ला द्यायला नाही."

नोहनं चिलमीसारखी मूठ तोंडाशी धरून खोकून घेतलं. मग म्हणाला, "मग कापायला दुसरा बोलाव. हा माझ्या हातून व्हायचा नाही."

माल्सुननं दुसरा बोलावला नाही. भाड्यानं विजेची करवत आणली, तोंडाला फडकं बांधलं आणि स्वतः कापला. लाकूड म्हातारं आणि कडक होतं. गाठीपाशी पातं अडकलं, धूर निघाला. तिनं दात आवळून दाबलं. तुकडा सुटला तेव्हा नोह मिस्त्री अंगणात पाठ करून उभा होता.

आई त्या तीन-चार महिन्यांत ग्वांगजूला, जोंग्पिलकडं. फोन रोज व्हायचा.

"अगं, रांजणांची झाकणं काढतेस ना?"

"काढते. आई, तू बघच कसं होतंय घर."

बघच म्हणायची. सवयीनं.

"तिसरी फळी सैल झाली असेल. तिला हात लावू नका म्हणावं."

"फळ्या सगळ्या नव्या टाकल्या, आई. एक आवाज करेल तर शपथ!"

बिगुमवाली म्हणाली, "असं होय. इथं लिफ्टमध्ये एक बाई बोलते. कुणाशी बोलते कोण जाणे." आणि फोन सुनेकडं दिला.

भुतंखेतं माणसाच्या वाटेत येत नाहीत असा दिवस बघून, शरदाच्या सणाआधी, जोंग्पिल आईला घेऊन आला. अंगणात चूल मांडून माल्सुन लाल चवळी घातलेल्या तांदळाच्या वड्या वाफवत होती, नव्या घराच्या रितीप्रमाणे गल्लीत वाटायला. सरपणाला घरातलंच लाकूड होतं, कुजके खांब, फळ्यांचे तुकडे, उंबरठे. चांगलं जळत होतं.

स्वयंपाकघर वर उचलून खोल्यांच्या पातळीला आणलं होतं. संडास-न्हाणी आत. सगळ्या घरातून संडासापर्यंत स्टीलचा कठडा. अंगणातून ओसरीवर यायला बाजूनं उतार. त्या उतारासाठी रांजण पलीकडच्या भिंतीला सरकवले होते. कांदेवाली मावशी आत फिरून आली आणि म्हणाली, "माल्सुन, एवढं सपाट तर तुझं नाकसुद्धा नाही गं." सगळे हसले. माल्सुन सगळ्यांत मोठ्यानं.

बिगुमवालीला उतारावरून आत आणलं. खोलीत शिरताना तिचा उजवा अंगठा पुढं झाला, हवेत चाचपडला, आणि परत आला. ती थांबली. पुन्हा पुढं केला. मग माल्सुनचा दंड तिनं घट्ट धरला. तिला गादीवर बसवलं. तिनं दोन्ही तळवे जमिनीवर फिरवले, मान तिरकी करून खोकली, ऐकलं. जुन्या मातीच्या भिंती खोकला पिऊन टाकायच्या. ह्या नव्या पत्र्या-फळ्यांच्या भिंतींनी तो जसाच्या तसा परत दिला.

"छान आहे हो घर," ती कांदेवालीच्या आवाजाच्या दिशेनं म्हणाली. "स्वच्छ आहे. उबदार आहे. उगाच एवढा त्रास घेतला माझ्यासाठी."

"ऐकलंस?" माल्सुन भावाला म्हणाली. "आवडलं तिला."

पाहुणी दुसऱ्याच्या घराचं कौतुक करते ते असंच. पण हे माल्सुनच्या कानाला त्या दिवशी लागलं नाही.

पुढचे दिवस बिगुमवाली भिंतीला पाठ लावून बसून राहिली. आधी माल्सुनला वाटलं, प्रवासाचा शीण. मग एका सकाळी आई म्हणाली, "न्हाणीत जाऊ का?"

"अगं, विचारतेस काय? जा की. कठडा धर, सरळ सात पावलं."

"तो कठडा मला संडासाकडंच नेतो. मला तोंड धुवून अंगणात जायचंय."

"मग सांग, मी नेते."

"तू बाजारात असतेस." आणि थोड्या वेळानं, "माल्सुन, ही खोली कुठं संपते गं?"

"संपतच नाही, आई! सगळं घर एकसारखं. तीच तर गंमत आहे."

आई ‘हं’ म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात माल्सुन दुपारी घरी आली तर आई मधल्या खोलीत रांगत होती. छपन्न किलो मासळी उतरवून आलेली माल्सुन भडकली. "रांगतेस कशाला? लोक काय म्हणतील, माल्सुननं एवढं घर केलं आणि आईला रांगायला लावलं! पायानं चाल. काही नाहीये मधे. काहीच नाहीये!"

"तेच तर," आई म्हणाली. "काहीच नाहीये."

माल्सुननं तिला उचलून जागेवर बसवलं, भात वाढला आणि बाजारात परत गेली. चालता चालता तिला वाटलं, वय झालं, मन कच्चं पडतंय. असं वाटून घेणं सोपं असतं.

तो दिवस मिरच्या वाळवायचा होता. गल्लीभर लाल चटया अंथरलेल्या, ऊन कडक. दुपार कलताना हवा बदलली. समुद्रावरून ओला वारा चढू लागला, आणि तो वास सगळ्यांच्या आधी बिगुमवालीला आला. माल्सुननं सकाळी काढलेली रांजणांची झाकणं तशीच उघडी होती. माल्सुन बाजारात होती.

पुढचं कांदेवाली मावशीनं आपल्या भिंतीवरून पाहिलं. ती नंतर ज्याला-त्याला एकच सांगत राहिली. "उठली आणि चालत आली. ताठ. जुन्यासारखी. मी म्हटलं, आली बाई म्हातारी माणसात. हाक मारणार होते. तेवढ्यात ओसरी संपली, आणि ती चालतच राहिली."

खुबा मोडला.

मोठ्या इस्पितळाच्या बाकावर माल्सुन बसली होती, अंगावर बाजाराचा रबरी एप्रन तसाच. लोक वासानं दोन खुर्च्या सोडून बसत होते. जोंग्पिल आला तो भांडायच्या तयारीनं आला असावा, कोट हातात, ओठ घट्ट. बहिणीकडं बघितलं आणि शेजारी बसला.

"ताई, तो शब्द," तो म्हणाला, "मी रागात घेतला होता. तुला वाटत असेल तर ऑपरेशननंतर घरी ने. मी काही म्हणणार नाही."

माल्सुननं मान वर केली नाही.

"नको. तुझी गाडी आण."

"ताई..."

"त्या घरात ती पडेल, जोंग्पिल. मीच तसं करून ठेवलंय."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं भावाला बोलण्यात जिंकू दिलं, आणि जिंकून त्याला कसं वागावं ते कळेना. त्यानं तिच्या एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला. ओल्यानं आवळली होती, सुटली नाही.

ऑपरेशन झालं. हाड सांधलं, पण गुंगीतून म्हातारी पुरती वर आलीच नाही. दिवसांची, माणसांची सरमिसळ होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात होतं असं. तिथून तिला डोंगरामागच्या म्हाताऱ्यांच्या इस्पितळात हलवलं. सहा खाटांची खोली, खिडकीशी चौथी खाट.

ह्या मधल्या दिवसांत माल्सुन एकदा नोह मिस्त्रीच्या वखारीत गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "उंबरठे परत बसवायचे आहेत. ओसरीच्या फळ्याही."

नोहनं रंधा थांबवला. टोमणा मारायची याहून चांगली वेळ त्याला मिळाली नसती. मारला नाही.

"बसवतो. लाकूड आहे माझ्याकडं, चांगलं जुनं आहे. ये, बस."

"मधे झिजलेला हवा. स्वयंपाकघराचा. आणि खोलीच्याला गाठ होती एक."

"कुठं होती गाठ? डावीकडं की उजवीकडं?"

माल्सुन बोलायला गेली आणि थांबली. ज्या गाठीवर तिची करवत अडकली होती, धूर निघाला होता, ती नक्की कुठं होती हे तिला सांगता येईना. मधोमध होती बहुतेक. की नव्हती?

"आईला विचार," नोह म्हणाला. त्याला ते टोचून म्हणायचं नव्हतं. तरी ते तसंच लागलं. थोड्या वेळानं तो रंध्याचा भुसा झटकत म्हणाला, "झिजलेला मी कुठून आणू, माल्सुन? रंध्यानं घासून तसा दिसायला करेन. पण तिचा पाय ओळखेल का त्याला?"

"नुसता तसा दिसला तर चालणार नाही का?"

"चालेल की. तुला चालेल."

ती उठून निघून गेली. उंबरठे बसवले नाहीत.

दर रविवारी बाजार आटोपून ती इस्पितळात जायची. जाताना साबणानं हात तीनदा धुवायची, तरी आईला कळायचं. "आज बांगडे आले वाटतं," आई म्हणायची. ती चालू शकते असं नर्स सांगत होती, वॉकर दिला होता, भिंतीला कठडा होता. ती उठत नव्हती.

एका रविवारी माल्सुन ठरवूनच गेली. उभ्या जन्मात तिनं कुणाची माफी मागितली नव्हती. वाटेत बसमध्ये ती शब्द जुळवत होती, जसे सभेच्या आधी जुळवायची. आत जाऊन तिनं खाटेजवळ स्टूल ओढलं, आईचा हात हातात घेतला.

"आई. चुकलं माझं."

"काय गं?"

"घराचं. मी तुला विचारायला हवं होतं."

बिगुमवालीनं थोडा विचार केला. मग आवाज खाली आणून, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही गं. चांगली माणसं होती. मला ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं. मीच त्यांच्या ओसरीवरून पडले. उगीच त्यांच्या डोक्याला ताप. काहीतरी नेऊन दे त्यांना माझ्याकडून. एक पेंडी सुके मासे तरी."

माल्सुनच्या जुळवलेल्या शब्दांतला एकही शब्द याला लागू पडत नव्हता.

"देते," ती म्हणाली.

"आणि आपलं घर? कुलूप लावलंस नीट?"

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, ती टुंग टुंग वाजत होती. यंत्रापुढं बसून, पोलिसांच्या, कारकुनांच्या, खुद्द महापौरांच्या तोंडावर खरं बोललेली बाई खालच्या मानेनं आईच्या बोटांच्या पेरांकडं बघत राहिली. आता खरं बोललं, तर म्हातारीचं उरलेलं एकुलतं घरही ती पाडणार होती.

"लावलं."

"सगळं आहे ना तसंच?"

"आहे तसंच आहे, आई."

बिगुमवालीचा चेहरा सैल झाला. पडल्यापासून तो असा सैल झालेला कुणी पाहिला नव्हता. तिनं माल्सुनचा हात उलटा करून थोपटला.

"मग मला कधी नेतेस?"

"थंडी सरू दे जरा."

"हो, थंडीत नको. ओसरी गार पडते." आणि मग तिला कामं आठवायला लागली, आणि एकामागून एक ती सांगू लागली. खोलीच्या जाळीदार लाकडी दारावरचा कागद फाटला असेल, थंडीआधी लावून घे. मधल्या खोलीत मागच्या कोपऱ्यात उंदीर येतो. स्वयंपाकघरात उतरणं कठीण आहे, तू घाई करतेस, घमेलं पायरीवर ठेवत जाऊ नकोस.

माल्सुननं मान वर केली. आईच्या आवाजात तक्रार नव्हती. उंदराचं सांगितलं तसंच हेही सांगितलं होतं, आणि ती पुढच्या कामाकडं गेलीही. रांजणाखालचे दगड डगमगतात. तिसऱ्या फळीला खिळा मारू नका.

आंधळ्या माणसापुढं नुसती मान हलवून भागत नाही. म्हणून प्रत्येक कामाला माल्सुन तोंडानं ‘हो’ म्हणत राहिली.